थोरलीच्या बिल्ल्यावर

आईच्या छातीत धडधड व्हायला लागली म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी लहान वयात कोणी गेलं होतं का?"

"माझी एक मावशी," आई म्हणाली. "आईची धाकटी बहीण. बारा वर्षांची होती. तापात गेली म्हणतात."

"नुसता ताप होता की हृदयाचं काही होतं, ते कळलं तर बरं," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचा विषय तिथे संपला आणि माझा सुरू झाला.

मी पस्तीस वर्षं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काढली आहेत. बाटलीवरची चिठ्ठी आणि बाटलीतला माणूस एकच आहे ना, हे बघता बघता माझे डोळे आणि स्वभाव दोन्ही बिघडले, असं माझा नवरा म्हणतो. निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. त्यामुळे जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात जायला निघाले, तेव्हा घरात कोणी अडवलं नाही. उलट नवऱ्याने डबा भरून दिला.

तिथला रेकॉर्डवाला जाडजूड वह्यांच्या ढिगांमध्ये बसलेला होता, खुर्चीवरही खाली दोन वह्या घेऊन. "साल?" त्याने विचारलं.

"अंदाजे सांगू शकेन."

"बाई, अंदाजाने इथे उंदीरसुद्धा सापडत नाही." तरी त्याने सात वह्या काढून दिल्या. तिसऱ्या दिवशी नोंद मिळाली. शहाण्णव वर्षांपूर्वीची. मुलीचं नाव, वय बारा, वडील बॉयलरवर कोळसा टाकणारे, मृत्यूचं कारण ताप, खबर देणारा बाप. पाच रकाने आणि एक ओळ. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर स्वच्छ होतं.

खरं तर माझं काम झालं होतं. पण एवढ्याशा ओळीवर उठून यायला मन घेईना. त्या मुलीचं मरण मिळालं होतं, जगणं काहीच मिळालं नव्हतं. आई म्हणायची की तिच्या मावशीला शाळेत घातलं होतं, आजीला मात्र नव्हतं घातलं. शाळा अजून चालू होती. मुख्याध्यापिकेने अर्ज घेतला, चहा दिला आणि जुनी प्रवेशाची वही माझ्यापुढे ठेवली. चौथीपर्यंतची नोंद होती. शेवटी लाल शाईत लिहिलं होतं, 'मयत'. शेरा होता, 'अक्षर सुरेख, वाचन उत्तम'. आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात होतं, 'उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, चंद्रकोरीसारखा.'

मी वही मिटली, पुन्हा उघडली आणि पुन्हा वाचलं.

ती चंद्रकोर मला माहीत होती. आजी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्याआधी कितीतरी वेळा तिच्या शेजारी बसून मी तिच्या मनगटावरच्या त्या गुळगुळीत डागावरून बोट फिरवलं होतं. घरी येऊन आईला विचारलं, "आजीच्या हाताला काय झालं होतं गं?"

"लहानपणी दुधाचं पातेलं कलंडलं होतं म्हणायची. का?"

"काही नाही," मी म्हटलं. एका घरात दोन बहिणी एकाच जागी एकाच आकारात भाजू शकतात, असं मी स्वतःला समजावून बघितलं. लॅबमध्ये कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आजी सूतगिरणीत कामाला होती. कांडी खात्यात, म्हणजे जिथे सूत कांड्यांवर भरतात तिथे. एकाच खात्यात, एकाच बिल्ल्याच्या नंबरावर बेचाळीस वर्षं. गिरणी बंद पडल्यावर तिचे कागद कामगार खात्याच्या गोदामात गेले होते. तिथल्या हजेरीच्या वह्यांमध्ये आजी सापडायला वेळ लागला नाही, कारण ती कधी गैरहजरच नसायची. प्रत्येक महिन्याच्या शेवटी तिच्या नावापुढे एक अंगठा होता. बेचाळीस वर्षांचे अंगठे.

ते फोटो मी आईला दाखवले. आई बराच वेळ मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसली.

"अंगठा?" ती म्हणाली. "अगं, माझी आई रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. चाळीतल्या सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायची. माझं शुद्धलेखन तीच तपासायची."

मग तिने मोबाइल खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "एकदा मारलं होतं तिने मला."

आजीने कोणाला मारलं असेल, हे मला खरंच वाटेना.

"आठ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर गिरणीच्या ऑफिसात गेले होते. कारकुनाने शाईचं पॅड पुढे केलं आणि आईने अंगठा टेकवला. मी मोठ्याने म्हटलं, 'आई, तुला तर लिहिता येतं!' तिने तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या थोबाडीत दिली. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. जन्मात एकदाच. का मारलं, ते मला अजून कळलेलं नाही."

हे विचारता येईल असं एकच माणूस उरलं होतं. आजीच्या शेजारच्या यंत्रावर बावीस वर्षं उभी राहिलेली तिची जोडीदारीण. अंगाने एवढीशी, म्हणून गिरणीत तिला चिमणी म्हणत. आता चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि मुलीच्या दोन खोल्यांमध्ये, खिडकीजवळच्या पलंगावर असायची. कान गेले होते, पण तो गिरणीतल्या सगळ्यांचाच आजार. डोकं शाबूत होतं.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, "चिमणीआजी, माझी आजी थोरली होती की धाकटी?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "सापडलं का कुठे?"

"शाळेच्या वहीत. मनगटावरचा डाग."

"अस्सं." तिने उशी सरकवून पाठ टेकली. "मला तिने सांगितलं होतं, आणि शपथ घातली होती. पण शपथ घालणारी गेली, ज्यांच्यासाठी घातली तेही गेले. बस."

पुढचं जे लिहिते आहे ते चिमणीआजीने सांगितलेलं आहे. जिथे जिथे कागद मिळाला, तिथे मी ते ताडून घेतलं आहे.

एका गोदामाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. खिडकी होती, पण ती उघडली की समोर भिंत. तिथे एक बाप आणि त्याच्या दोन मुली राहायच्या. आई आधीच गेलेली. बापाने वीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकला होता आणि तेवढाच कोळसा छातीत भरून घेतला होता. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीला थांबावं लागायला लागलं, तेव्हा त्याला कामावरून कमी केलं. थोरली सोळा वर्षांची होती. घर तीच बघायची, म्हणून तिला शाळा माहीत नव्हती. धाकटी बारा वर्षांची. तिला शाळेत पाठवायचा हट्ट थोरलीचाच. "मी भांडी घासते, तू पुस्तकं घास," असं ती म्हणायची.

बाप घरी बसल्यावर थोरली गिरणीत लागली. मंदीचे दिवस होते आणि नवीन भरती बंद होत आली होती. त्या भरतीत आत गेलेली शेवटची बाई तीच. सोळाच्या आतल्या मुलीला घेत नसत. डॉक्टरने वय तपासून दाखला दिला आणि पितळी बिल्ला मिळाला.

हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे अकरा दिवस हजर अशा खुणा आहेत. सहाव्या दिवसापासून तिच्या अंगात ताप होता, असं चिमणीआजी म्हणाली. कांडी खात्याच्या मुकादमीण बाईकडे तिने घरी जायची परवानगी मागितली होती. मुकादमीण म्हणाली, "आठवडा झाला नाही लागून आणि रजा मागतेस? बाहेर रांग लागली आहे, माहीत आहे ना?" थोरली पुन्हा यंत्रावर जाऊन उभी राहिली. असे आणखी पाच दिवस. अकराव्या दिवशी ती कांड्यांच्या टोपलीवरच बसली, आणि दुसऱ्या खात्यातल्या दोघींनी धरून तिला घरी आणून सोडलं.

वहीत त्यानंतर दोन रकाने कोरे आहेत.

पहिल्या कोऱ्या दिवशी धाकटी शाळेत गेली नाही. थोरलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. थोरली शुद्धीत होती तेव्हा म्हणाली, "माझा बिल्ला कुठे आहे? हरवू नकोस. परत मिळत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गिरणीचा भोंगा वाजत होता. बापाला वाटलं की ती भोंग्याने दचकून डोळे उघडते आहे. म्हणून तो तिच्याशी बोलत राहिला.

दुपारी मुकादमीण आली. दारातच थांबली. तिला बघून बाप म्हणाला, "गेली."

मुकादमीण मटकन खाली बसली. ती काही राक्षसीण नव्हती. तिच्याही वर कोणीतरी होतं आणि तिच्याही घरी खाणारी तोंडं होती. बराच वेळ तिने पदर तोंडाशी धरला. मग तिची नजर कोपऱ्यात बसलेल्या धाकटीकडे गेली.

"हिचं वय काय?"

"बारा."

"बिल्ल्यावर वय लिहिलेलं नसतं," मुकादमीण म्हणाली. "खात्यात नव्या पोरीचा चेहरा अजून कोणाला पाठ नाही. आहे तो मला. उंचीत चार बोटांचा फरक असेल, तर पायाखाली फळी देईन. माणूस गेलं ते गेलं, जागा तरी जाऊ देऊ नका."

बाप खोकला आला म्हणून वाकला, तो वाकूनच राहिला.

"फक्त एक," मुकादमीण जाता जाता म्हणाली. "नोंद करायला जाल तेव्हा थोरलीचं नाव देऊ नका. कधी कोणी ताडून बघितलं, तर दोघंही खडी फोडायला जाऊ."

नोंद करायला बाप धाकटीला बरोबर घेऊन गेला, कारण त्याला एकट्याने चालवत नव्हतं. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती. तिचं डोकं टेबलाच्या थोडंसं वर येत होतं. कारकुनाने टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "नाव?"

बापाने धाकटीचं नाव सांगितलं.

"वय?"

"बारा."

"कशाने गेली?"

"तापाने."

कारकुनाने लिहून घेतलं आणि टाक ठेवताना मान वर केली. "आणि ही?"

"ही थोरली," बाप म्हणाला.

कारकून भला माणूस होता. टेबलावरून वाकून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वडिलांना सांभाळ हं. आता तूच मोठी."

"तेव्हा मला कळलं की मी मेले," आजीने चिमणीला सांगितलं होतं. "तोपर्यंत वाटत होतं की थोरली मेली."

तिसऱ्या दिवसापासून वहीत पुन्हा हजर अशा खुणा सुरू होतात, त्या बेचाळीस वर्षं चालतात. गोदामाच्या मागची खोली सोडून दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. धाकटी थोरलीच्या कपड्यांत, पायाखाली फळी घेऊन यंत्रापुढे उभी राहू लागली. तुटलेला धागा चालत्या कांडीवर जोडायचा असतो. बोट चुकलं की कातडी निघते. पहिल्या महिन्यात तिच्या दोन्ही तर्जन्या सोललेल्या असायच्या. मुकादमीण तिला खिडकीजवळचं यंत्र द्यायची, कारण तिथे कापसाची धूळ कमी. पण तिच्याकडे सरळ कधी बघायची नाही. नोकरीतून जाईपर्यंत नाही.

पहिल्या महिन्याच्या शेवटी कारकुनाने विचारलं, "सही की अंगठा?" धाकटीने हात पुढे केला, टाक उचलणार, तेवढ्यात मुकादमिणीने मागून तिचं कोपर घट्ट धरलं. थोरलीला लिहिता येत नव्हतं. भरतीच्या कागदावर तिचा अंगठा होता. धाकटीने अंगठा टेकवला. शाळेत तिच्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

बापाने त्यानंतर तिला नावाने हाक मारली नाही. ना त्या, ना ह्या. "ए बाळ," एवढंच. तीन वर्षांनी तोही गेला. आता ती कोण आहे हे जाणणारी मुकादमीण तेवढी उरली, आणि ती बोलणार नव्हती.

सगळ्यात अवघड गोष्ट ही नव्हतीच, असं चिमणीआजी म्हणाली. कामावर लागून चार-पाच महिने झाले असतील. पाळी सुटली होती आणि बायकांचा लोंढा गिरणीच्या फाटकातून बाहेर पडत होता. समोरून शाळेतल्या बाई आल्या. धाकटीने मान खाली घातली, पण बाई थांबल्या.

"तू तिची बहीण का गं?" त्यांनी विचारलं. "अगदी तोंडावळा तोच आहे."

धाकटीने मान हलवली.

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. सोललेली बोटं बघून त्यांचे डोळे भरून आले. "फार हुशार होती गं ती. मी तिला पुढे शिकवणार होते. तिची वही अजून माझ्याकडे आहे. तुला हवी असेल तर घेऊन जा, आठवण म्हणून."

"नको," धाकटी म्हणाली. "मला वाचता येत नाही."

आणि मागच्या बायकांनी ढकललं म्हणून पुढे निघून गेली.

"बाई माझ्यापाशी माझ्यासाठीच रडल्या," ती चिमणीला म्हणाली होती. "थोरलीसाठी कोणीच रडलं नाही गं. आम्हां तिघांशिवाय ती मेल्याचं माहीतच कोणाला होतं? आणि मी रडले असते, तर कोणासाठी रडते म्हणून सांगितलं असतं?"

हे तिने चिमणीला सांगितलं, त्यालाही एक कारण होतं. चिमणीची लहान बहीण वारली होती आणि चिमणी दुसऱ्याच दिवशी कामावर आली होती. यंत्रापुढे उभी राहून ती हुंदके देत होती. बायका म्हणत होत्या, पुरे गं, डोळे पूस, धागा दिसायचा नाही. आजीने स्वतःचं यंत्र बंद केलं. त्या गिरणीत असं कोणी करत नसे. तिने चिमणीला सुताच्या पोत्यांमागे नेलं आणि म्हणाली, "रड. मनसोक्त रड. तुला रडायला मिळतंय." मग शेजारी बसून सगळं सांगितलं. चिमणी म्हणाली, "सांगताना मात्र तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सवय मोडली असावी."

आजीचं लग्न झालं त्या नोंदीत थोरलीचं नाव आहे आणि वयही थोरलीचंच. त्यामुळे आजोबा कागदावर तिच्याहून एका वर्षाने लहान ठरतात. चाळीत यावरून चेष्टा चालायची, की गड्याने मोठी बायको केली, आता घरात आवाज कोणाचा ते सांगायला नको. आजोबा धोब्याच्या कारखान्यात इस्त्री करायचे, स्वभावाने गमत्ये होते. चिमणीआजी म्हणाली, "नवऱ्याला सांगायचा तिने एकदा प्रयत्न केला. 'माझं नाव खरं ते नाही,' एवढं म्हणाली. तर तो हसला, 'अगं, मी तुला 'अगं' म्हणतो. तुझं नाव काही का असेना, माझं काय अडतं?' मग तिने विषय काढला नाही." आजोबांनी तिला जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली. मला वाटतं, तिला तेवढं एक घर बरं वाटत असेल.

बेचाळीस वर्षांनी गिरणीने तिला निवृत्त केलं, वय अठ्ठावन्न झालं म्हणून. ती चौपन्न वर्षांची होती. हातपाय धडधाकट होते. घरी बसायची तिची इच्छा नव्हती. चिमणी म्हणाली, "साहेबाला सांग ना काहीतरी." ती म्हणाली, "काय सांगू? थोरलीची वर्षं भरली." शेवटच्या दिवशी तिने यंत्र पुसलं, बिल्ला टेबलावर ठेवला आणि चालत घरी आली.

हे सगळं मी आईला कसं सांगायचं, यात दोन आठवडे गेले. तिच्या हृदयाचा प्रश्न होता. शेवटी तिनेच विचारलं, "काय सापडलं ते सांगून टाक. तुझं तोंड एवढं बंद असलं की मला जास्त धडधडतं."

मी सांगितलं. ती ऐकत होती तेव्हा शेंगा सोलत होती, त्या तिने सगळ्या सोलल्या. मग उठून टरफलं टाकून आली.

मला वाटलं होतं की ती रडेल. ती चिडली. "मला सांगायला काय झालं होतं तिला? परक्या बाईला सांगते आणि पोटच्या पोरीला नाही? मी काय चावडीवर जाऊन ओरडणार होते?"

"तू आठ वर्षांची असताना ओरडली होतीसच की," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

आई पलंगावर बसली. तिचा चेहरा बघून मी पाणी आणायला उठले, तर तिने मला हाताने थांबवलं.

"तुला एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "शेवटी तिचं पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं, आठवतं? तू कॉलेजच्या परीक्षेत होतीस. नर्स कागद घेऊन आली आणि म्हणाली, इथे सही किंवा अंगठा. मी पॅड धरलं, तर आई म्हणाली, 'पेन दे.' मी दिलं. तिने उठून बसून, सावकाश, एकेक अक्षर लिहून सही केली. काय सुंदर अक्षर होतं. मी बघितलं तर स्वतःचं नाव नाहीच. तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव."

आईचा आवाज अगदी सपाट झाला होता.

"मला वाटलं तापाने भ्रम झालाय. नर्सला मीच सांगितलं, 'ते खोडा, ती तिच्या गेलेल्या बहिणीचं नाव लिहिते आहे.' नर्सने खोडलं. आई माझ्याकडे बघत होती. मी तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि टेकवला. तिने हात सैल सोडला होता. काही म्हणाली नाही गं. काही म्हणाली असती तर?"

ऑपरेशननंतर आजी शुद्धीवर आली नव्हती.

त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी चांगली साडी नेसून तयार होऊन बसली आणि म्हणाली, "चल, नोंद दुरुस्त करून घेऊ." रेकॉर्डवाल्याने सगळं ऐकून घेतलं. खुर्चीवरच्या वह्यांवरून तो उठून उभाही राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं.

"आजी, करता येईल," तो आईला म्हणाला. "कोर्टात जावं लागेल. पण ती नोंद बदलली, तर तुमच्या आईच्या लग्नाची नोंद खोटी ठरते. तुमच्या जन्माच्या दाखल्यात आईचं नाव आहे ते मेलेल्या मुलीचं ठरतं. मग तुमची, मग ह्यांची. एक खिळा काढला की अख्खं कपाट उतरेल."

आईने विचार केला. "राहू दे," ती म्हणाली. "ती जन्मभर गप्प राहिली ते कपाट उभं राहावं म्हणूनच."

परत येताना बसमध्ये तिने एकदम विचारलं, "आणि थोरली? ती कशी होती?"

 मी हाच प्रश्न चिमणीआजीला विचारला होता. ती म्हणाली होती, "मीही विचारलं होतं तुझ्या आजीला. तर म्हणाली, 'विसरले गं. आधी चेहरा आठवायचा. आता तिचं नाव घेतलं की मीच वळून बघते.'" तिचा फोटो नाही, शाळेचा शेरा नाही, मरणाची ओळसुद्धा नाही. तिचं नाव सत्तर वर्षं जगलं आणि त्यातली तिची फक्त सोळा.

गोदामातल्या भरतीच्या कागदावर, डॉक्टरच्या दाखल्याखाली, तिचा अंगठा आहे. मी भिंगातून बघितला होता. शाई जास्त झाल्यामुळे रेषा एकही दिसत नाही, नुसता काळा ठिपका. कागद हात लावला की तुटतो, म्हणून फोटो काढू दिला नव्हता. आईला मी एवढं सांगितलं.

"केवढा आहे?" आईने विचारलं.

मी माझ्या करंगळीचं वरचं पेर दाखवलं.

आईने ते दोन बोटांत धरून बघितलं. "लहानच होती की गं," ती म्हणाली.